वधूपित्याने बोलू नये

इचोड्याच्या बैलबाजारात नागोरावांनी ज्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला तो बैल संध्याकाळपर्यंत विकला गेलाच, आणि ज्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला तो माणूस संध्याकाळपर्यंत सुटला नाही. दलालाचा धंदाच तोंडाचा, हे खरं. पण बाकीचे दलाल बाजार उठला की तोंड मिटतात. नागोराव मिटत नाहीत. न्हाव्यापुढे बोलतात, डॉक्टरने काचेची कांडी तोंडात ठेवली तरी तिच्या दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि कुणीच नसलं तर गोठ्यात जाऊन बोलतात. त्यांच्या पत्नी गयाबाई म्हणतात, आमच्या बैलांना सगळ्या गावाच्या भानगडी तोंडपाठ आहेत, फक्त ते चांगल्या घरचे म्हणून कुठे सांगत नाहीत.

या धंद्यात नागोराव आले ते एका बैलामुळे. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा बापाने त्यांच्या हाती कासरा देऊन बाजारात धाडलं आणि बजावलं, याची खोड सांगू नको. खोड अशी, की नदीत शिरला की हा बैल मधोमध बसायचा. मग वर देव आला तरी उठायचा नाही. पण नागोरावांच्या पोटात काही राहिलं असतं तर ते नागोराव कसले! पहिलं गिऱ्हाईक जवळ आलं, त्याने दात पाहायला बैलाचा ओठ वर केला, आणि पोरगं बोलून गेलं, "हा नदीत बसते." गिऱ्हाईक होतं वरच्या माळावरचं. त्याच्या गावात नदी सोडा, प्यायचं पाणी दीड कोसावरून यायचं. तो म्हणाला, "एवढीच खोड? मग दे." आणि बापाने सांगितलेल्या भावाच्या वर भाव देऊन गेला.

तेव्हापासून नागोरावांनी एक नियम धरला आणि तो नियमच त्यांचं नाव झाला: आधी खोड, मग सौदा. सांगितलेल्या खोडीबद्दल नंतर तक्रार चालत नाही. न सांगितलेली निघाली, तर पुढच्या बाजाराला जनावर परत. मारका असेल तर मारका सांगायचं, चारा सांडणारा असेल तर तसं सांगायचं. आणि घेणाऱ्यालाही विचारायचं, बाबा, तू हात उचलणारा आहेस का, वैरण वेळेवर घालतोस का. मारकुट्या माणसाला नागोरावांनी कधी बैल दिला नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि एकदा नाही सांगत.

या सगळ्या थोरवीला एकच डाग होता, तो म्हणजे थोरल्या मुलाच्या, प्रज्वलच्या लग्नाचा अल्बम.

त्या लग्नाला आदिलाबादहून चांगला पोक्त फोटोवाला आणला होता. बिचाऱ्याने कॅमेरा काढला आणि नागोराव त्याच्या पाठीमागे जाऊन जे उभे राहिले ते हलेचनात. "यायचा काढ. यायचा नको, यायनं आहेर नाई आनला. आता जरा इकडून. पाय कायले काढतं, पाय कोन पाह्यते?" आणि जन्म गेला बैलांच्या तोंडात बघण्यात, म्हणून दर फोटोच्या आधी मागून हुकूम, "दात! दात दिसू द्या!" पाहुणे बिचारे आज्ञाधारक. आजही तो अल्बम उघडला की पानापानावर मंडळी कुणीतरी वय तपासणार असल्यासारखी दात विचकून बसलेली दिसतात. हार घालून झाले, मंगळसूत्राची वेळ आली, आणि "नवरदेवाची मान धरून वर कर" असं नागोराव सांगायला गेले तर समोर फोटोवालाच नाही. तो हायवेवर जाऊन, मिळेल त्या ट्रकला हात करून, आदिलाबादच्या वाटेला लागला होता.

त्यामुळे सून सुवर्णा हिचं लग्न फोटोंच्या हिशेबाने अर्धंच झालेलं आहे. कुणी पाव्हण्याने अल्बम मागितला की ती हारापर्यंत पानं उलटते, मग मिटते आणि गोड आवाजात म्हणते, "पुढचं बाबांना विचारा." आणि नागोराव आनंदाने सांगायला बसतात. त्यांना त्यातला टोमणा इतक्या वर्षांत लागलेला नाही.

आता लग्न हर्षालीचं होतं. धाकटी लेक, लाडकी, आदिलाबादच्या कॉलेजात शिकलेली. नवरा रविकांत तिथलाच. मुलगा बरा, घर बरं, फक्त तारीख अशी काही निघाली की त्या दिवशी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं. बँडवाले आणि आचारी कसेबसे मिळाले, फोटोवाले मात्र केव्हाच गेले. उरला होता इचोड्याचा पियुष एकटा. योगायोगाने हर्षालीला हवाही तोच होता. मोबाईलवर त्याचे फोटो दाखवून तिने घरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. पण त्या तारखेसाठी निर्मल गावची एक पार्टी दुपारी चारला त्याच्याकडे यायची होती. त्याच्या आत लेखी झालं तर पियुष आपला, नाहीतर निर्मलचा.

"बाबा, फक्त सही करायची," आईबाबांबरोबर रिक्षात बसल्यावर हर्षालीने तीनतीनदा सांगितलं. "पैशाचं माझं त्याच्याशी बोलणं झालं. तुमी फक्त सही करा."

"हौ, हौ," नागोराव म्हणाले. नागोरावांचं 'हौ' म्हणजे ऐकलं एवढंच. मानलं असा त्याचा अर्थ बाजारात कुणी काढत नाही.

पियुषचं दुकान हायवेला लागून, टायरवाल्याच्या माडीवर. जिना चढताना गयाबाईंचे मोठे बंधू वामनराव भेटले. म्हणजे भेटले कसले, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. वामनरावांचं खाली चौकात किराणा दुकान, दुकानापुढे निंबाची सावली, सावलीत बाकडं. त्या बाकड्यामुळे गावोगावचे तंटे त्यांच्याकडेच येऊन बसायचे आणि बसता बसता ते पंच झाले होते. शिवाय मेहुणे. नागोरावांचं बोलणं मध्येच तोडू शकेल असा तेवढा एकच माणूस पंचक्रोशीत होता.

पियुषने छापील करारनामा पुढे सरकवला. गाव तेलंगणातलं, त्यामुळे तो होता तेलुगूत. हर्षाली तेलुगू शाळेत शिकलेली, ती भराभरा वाचून सांगू लागली, अल्बम किती, व्हिडिओ किती, ड्रोन उडणार की नाही.

"बापू, कागद राहू दे बाजूले," नागोराव म्हणाले. "पयले उभा राय."

"उभा?"

"उभा राय ना. बसलेल्याचा सौदा करत नाई मी."

पियुष हसत उभा राहिला. नागोरावांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. गुडघे पाहिले, खांदे पाहिले. हात आपसूक त्याच्या हनुवटीकडे निघाला होता, पण हर्षालीचा चेहरा पाहून परत आला. "पाय चांगले हायेत. दिवसभर टिकशील. आता खोड सांग."

"बाबा!" हर्षालीने ओढणीत तोंड लपवलं.

"तू चूप बैस. तुयं लग्न हाये, तुले त्यातलं समजत नाई. हां बापू, खोड. समद्यायसमोर. जी सांगशील ती माफ. जी लपवशील ती अंगावर."

पियुष होता बोथकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, लहानपण बैलगाडीच्या साटीवर गेलेलं. दुसरा कुणी फोटोवाला असता तर रागावला असता, हा मांडी घालून बसला. "सांगतो काका. एक तर मी 'अजून एकदा' म्हणतो. हार घातला की काढायले लावतो आणि परत घालायले लावतो. मागं एका लग्नात भटजीनं पोथी गुंडाळली होती."

"बोल, बोल!" नागोराव खुलले.

"दुसरी, करवल्यायचे फोटो जास्त निघते. मी ठरवून नाई काढत काका. आपोआप."

"ही खोड नाई, हे वय हाये. पुढं."

"तिसरी, लग्न झाल्यावर अल्बम होयेपर्यंत मी फोन उचलत नाई."

"हे तर फोटोवाल्यायच्या अंगचंच हाये. लपवलं असतं तरी समजलं असतं. बस, सौदा पक्का!" नागोरावांनी मांडीवर थाप मारली आणि पेन मागितलं. घड्याळात अजून साडेतीनही वाजले नव्हते. हर्षालीचा जीव भांड्यात पडला. तो तिथे सुखाने राहिलाही असता, पण पियुषने पेन आपल्याच हातात ठेवलं.

"आता तुमची खोड सांगा काका."

"आमची? गिऱ्हाइकाले कुठली खोड?"

"काऊन नसते?" वामनराव भिंतीला टेकून होते, ते सरळ झाले. "बैल देता तवा घेनाऱ्याले तुमीच इचारता ना भाऊजी, मारते का, वैरण घालते का? का तो नेम फक्त शिंगवाल्यायसाठीच हाये?"

दलाल आपल्याच नेमात सापडला. तरी नागोराव बोलले, पण त्या बोलण्यात काही नव्हतं. मग इतका वेळ भाजीची पिशवी मांडीवर धरून गप्प बसलेल्या गयाबाईंनी घसा साफ केला.

"मले इचार बापू."

आणि त्यांनी प्रज्वलच्या लग्नाची सगळी कथा दात, ट्रक आणि मंगळसूत्र यांसकट सांगितली. मीठमसाला एवढाही लावला नाही. लावायची गरजच नव्हती. पियुषचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"ते तुमीच का काका?" तो म्हणाला. "आमच्या फोटोवाल्यायच्या ग्रुपमंधी अजून चालते ते. कोनी लई बोलनारं गिऱ्हाईक भेटलं की आमी लिवतो, 'दात दाखवा' भेटले आज." असं म्हणत त्याने करारनामा उचलला आणि त्याची घडी घालायला लागला. "नाई काका. राग मानू नका. निर्मलची पार्टी येऊनच राह्यली."

आता मात्र नागोरावांची नजर पोरीकडे गेली. हर्षाली रडली नाही, ओरडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "बाबा, वहिनीचा अल्बम हारापाशी संपते. माझा कुठं संपणार?"

बाजारात लोकांनी नागोरावांना शिव्या दिल्या होत्या, एकदा एका बैलाने शिंगावरही घेतलं होतं. पण हे जे लागलं ते वेगळंच लागलं. सुवर्णेचा तो गोड टोमणाही इतक्या वर्षांनी, तिथेच, त्या टायरवाल्याच्या माडीवर त्यांना समजला.

"थांब बापू," ते म्हणाले. "खोड असली म्हनून जनावर कोनी फेकून देत नाई. मुसकं बांधते. काय मुसकं बांधतं ते सांग."

पियुषने करारनाम्याची घडी परत उघडली. "तुमी मले त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाई."

"एक शब्द नाई म्हनजे थोडेफार..."

"एकही नाई."

"वीस दे. दिवसभराचे वीस. पोरीचं लग्न हाये बापा."

"नाई."

"दहा! बरं, पाच. मंगळसूत्राले एक, सप्तपदीले एक..."

"काका, तुमचा एक शब्द कुठं सरते ते तुमाले तरी माहीत हाये का?"

मग नागोरावांनी शेवटचं हत्यार काढलं. खांद्यावरचा दुपट्टा पसरून त्याखाली हात घातला. बाजारात भाव असाच ठरतो, दुपट्ट्याखाली बोटं धरून, बाकी कुणाला दिसत नाही. पियुषनेही हात आत घातला. वर दोघांचे चेहरे गंभीर. खाली नागोरावांनी एक बोट पुढे केलं असावं, कारण त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. मग ते चाचपत राहिले, चाचपत राहिले, आणि त्यांचं तोंड उतरलं. दुपट्ट्याखाली पियुषची मूठ होती. घट्ट मिटलेली.

छापील तेलुगूच्या खाली हर्षालीने सुबक मराठीत ओळ लिहिली: 'कॅमेरा पिशवीतून निघाल्यापासून नवरीची गाडी हलेपर्यंत वधूपित्याने फोटोग्राफरला काहीही बोलू नये. बोलल्यास कॅमेरा पिशवीत जाईल.' वामनरावांनी वाचून मान हलवली आणि पुढे घालायला लावलं, 'आणि पिशवी घरी जाईल.' नागोरावांनी सही केली. निर्मलची पार्टी जिना चढत होती, तिला जिन्यातूनच परत जावं लागलं.

लग्नापर्यंत नागोरावांनी सराव केला. फोटोवाल्याशी बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं, पण आपली जीभ एकदा सुटली तर कुणाच्या अंगावर जाईल याचा त्यांना भरवसा नव्हता. म्हणून ठरवलं, त्या दिवशी पूर्ण मुकं राहायचं. सराव म्हणून एक आख्खा बाजार ते न बोलता उभे राहिले. लोकांना वाटलं अर्धांगवायू झाला. एक शेतकरी मात्र बराच वेळ त्यांच्याकडे आणि बैलाकडे आळीपाळीने पाहत राहिला. ज्या बैलाची नागोरावांनाही तारीफ करावी लागत नाही तो बैल काय असेल, असं मनाशी म्हणून घासाघीस न करता घेऊन गेला. हे कळल्यावर बाकीचे दलालही पुढच्या बाजाराला गप्प उभे राहिले, तर त्यांचं एक जनावर हललं नाही.

लग्नाच्या दिवशी दारात मांडव पडला. कॅमेरा पिशवीतून निघाला आणि नागोरावांनी ओठ मिटले. मांडवभर फिरायचे, पण गाल फुगवून, एखाद्याने गरम बटाटा तोंडात धरावा तसे. आदिलाबादचे व्याही काळजीने गयाबाईंना विचारते झाले, "इवाईबुवांची तब्येत बरी हाये ना?"

"मौन धरलं त्यायनं," गयाबाई पदर सावरत म्हणाल्या. "पोरीसाठी."

व्याही गहिवरले आणि त्यांनी वाकून नागोरावांना नमस्कार केला. नागोरावांना सांगायचं होतं की तसं काही नाही, पण कसं सांगणार?

मग नवरीला मांडवात आणायची वेळ झाली. वामनराव मामा म्हणून भाचीला धरून निघाले. बँड सुरू झाला. पियुष हर्षालीच्या समोर, डोळा कॅमेऱ्याला लावून, एकेक पाऊल उलटं टाकत मागे मागे सरकत होता. नवरी पुढे येते, तो मागे जातो, मोठी सुंदर चाल चालली होती. आणि नागोरावांनी पाहिलं की तो ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूला मांडवाच्या कडेशी मठ्ठ्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आहे. आचाऱ्याने मठ्ठा गार राहावा म्हणून गंज ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरला होता आणि वरची ताटली नुकतीच काढली होती. उलट्या चालणाऱ्या माणसाला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सुलट चालणाऱ्यालाही दिसला नसता.

नागोरावांनी हात हलवले. पियुषचा डोळा नवरीवर. नागोरावांनी दुपट्टा फिरवला. बँडवाल्यांना वाटलं वधूपिता खूश झाला, त्यांनी आणखी जोर लावला. मध्ये बायकांची ही गर्दी, पलीकडे जायला वाट नाही. पियुषचं एक पाऊल, दुसरं पाऊल. बोललो तर कॅमेरा पिशवीत, न बोललो तर कॅमेरा मठ्ठ्यात. आणि मिटल्या ओठांना न जुमानता आवाज बाहेर पडला.

"होऽऽ! हो हो होऽऽ!"

बैल थांबवायची हाळी ती. तीही अशी, की भर उतारावर कापसाने लादलेली गाडी जागच्या जागी उभी करावी. पियुष थांबला, एक पाय मठ्ठ्यावर अधांतरी धरून. समोरची हर्षाली थांबली, वामनराव थांबले, बँड थांबला. नवरदेव रविकांत पाटावर बसता बसता मध्येच थांबला, ना बसलेला ना उभा. आचाऱ्याचा झारा कढईवर थांबला. गोठ्यातल्या बैलांनी रवंथ थांबवला.

पियुषने मान वळवून मठ्ठा पाहिला. पाय बाजूला ठेवला. मग कॅमेरा खाली केला.

"काका," तो म्हणाला, "तुमी बोलले."

मांडवात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण पडणार कुठे, सगळे एकमेकांना चिकटून उभे होते. पियुषने पिशवीची चेन उघडली. हर्षालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नागोराव दोन्ही हात तोंडावर ठेवून उभे.

"थांबा," वामनराव म्हणाले. भाचीचा हात त्यांनी सोडला नाही, पण आवाज निंबाखालच्या बाकड्यावरचा लागला. "पियुष, काय बोलले ते?"

"'हो' बोलले."

"ते मानसाले म्हनते का बैलाले?"

"बैलाले."

"मंग तुले काऊन लागलं?"

"मी थांबलो ना मामा!"

"तेच तर. थांबला म्हनजे तुले बोलले. आन तुले बोलले म्हनजे तू..." वामनरावांनी वाक्य पुढच्या लोकांसाठी सोडून दिलं. मांडवात खसखस सुरू झाली. "सांग बापा. तू बैल असशील तर करार मोडला. मानूस असशील तर ते दुसऱ्या कोनाले बोलले. तूच ठरव, आमाले दोन्ही चालते."

त्यातच नागोरावांनी न बोलता आपलीही बाजू मांडली. गर्दीतून पुढे आले, पियुषसमोर उभे राहिले, डोळ्यापुढे दोन मुठी कॅमेऱ्यासारख्या धरल्या आणि दोन पावलं उलटी चालून दाखवली. मग एक बोट वर करून पंचांकडे पाहिलं.

"बरोबर!" वामनराव म्हणाले. "उलटं चालायची खोड तू सांगितली नव्हती. न सांगितलेली खोड निंगाली."

पियुषने एकदा मठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा हर्षालीकडे, आणि त्याला हसू फुटलं. "मानूस हाये मामा मी," तो म्हणाला आणि कॅमेरा परत डोळ्याला लावला. "ताई, दोन पावलं मागं जा. अजून एकदा या."

पण यातून जो निवाडा झाला तो नागोरावांच्या फार लवकर ध्यानात आला. मानवी बोली बंद, पण बैलांची बोली मोकळी! मग काय विचारता. पियुष नको त्या कोनात गेला की "होऽऽ". पुढे सरकायला हवा असेल तर जीभ टाळूला लावून टक् टक्. पियुष हसत हसत दोन्ही पाळायचा. पण मांडवातली निम्मी मंडळी कापूस-ज्वारीवाली, त्यांच्या अंगात हे आवाज मुरलेले. टक् टक् झालं की आहेराची रांग आपोआप पुढे सरकायची. "होऽऽ" झालं की भटजींचा हात अक्षतांत अडकायचा. जेवणाच्या पंगतीत तर कहरच झाला. बैल पाण्यावर आला की त्याने प्यावं म्हणून शीळ घालतात, तशी लांब शीळ नागोरावांनी घातली, पियुषने पंगतीचा फोटो घ्यावा म्हणून. आणि अख्ख्या पंगतीने एकदम ग्लास उचलून तोंडाला लावले. तो फोटो आलाय, आणि एकाही माणसाचे दात त्यात दिसत नाहीत. आदिलाबादच्या व्याह्यांनी इकडे तिकडे पाहिलं, सगळे पितायत हे पाहिलं, आणि काहीतरी रीत असेल म्हणून आपणही प्याले.

दुपार कलली. मंगळसूत्र झालं, सप्तपदी झाली, सगळ्याचे फोटो झाले. सुवर्णा मुद्दाम पियुषच्या शेजारी उभी राहून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत हारांच्या पुढचं सगळं पाहत होती.

पाठवणीला गाडी दारात आली. हर्षाली सगळ्यांच्या गळ्यात पडून शेवटी बापासमोर आली. "बाबा, बोला ना," ती म्हणाली. "करार पियुषदादाशी न बोलायचा हाये. माझ्याशी कुठं हाये?"

नागोरावांनी तोंड उघडलं. दिवसभर साठलेलं सगळं तिथे जिभेवर येऊन उभं होतं, सासरी कसं वागायचं, घर कसं ओळखायचं, माणसाची खोड कशी विचारायची. एवढी गर्दी झाली की एकालाही बाहेर येता येईना. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. पियुष जवळच होता. त्याने फोटो घेतला आणि यावेळी 'अजून एकदा' म्हणाला नाही.

गाडी हलली, चौकातून वळली, दिसेनाशी झाली.

"सुटलं काका," पियुष म्हणाला. "आता बोला."

नागोराव रस्त्याकडेच पाहत उभे. गयाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि पियुषला बाजूला घेतलं. "बापू, तो करारनामा वाढवून भेटते का? वरीसभराचा तरी?"

नागोरावांनी ते ऐकलं. ऐकून ते वळले आणि दिवसातले त्यांचे पहिले शब्द निघाले ते पियुषसाठीच निघाले.

"जेवला का रे?"

"नाई काका. जमलंच नाई."

नागोरावांनी स्वतः पत्रावळ मांडली, बुंदी वाढली, वांग्याची भाजी वाढली, त्या गंजातला मठ्ठा वाढला. मग शेजारी मांडी घालून बसले आणि सकाळपासून सुरुवात केली. नवरी येताना कॅमेरा जरा खाली धरायचा होता. हाराच्या वेळी रविकांतच्या आत्याला बाजूला सारायचं होतं. कन्यादानाच्या वेळी उजेड डावीकडून घ्यायचा होता. पियुष घास घेत होता आणि प्रत्येकाला "तसाच काढला काका" म्हणत होता.

"तसाच?"

"तसाच."

"मंग ठीक हाये. आता सप्तपदीचं ऐक."

पियुष हात धुवायला उठला तेव्हा सप्तपदीचं तिसरंच पाऊल चाललं होतं. नागोराव तांब्या घेऊन त्याच्या मागे गेले, हातावर पाणी घालत चौथं सांगू लागले.